ग्रामजीवनातील महिला मंडळे आणि आपली ओवरी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. शिक्षण म्हणाल तर एस. एस. सी. लोकांचे अर्ज वाचावेत, त्यांना कागद जोडलेत की नाही ते पाहावे, शेरा मारावा आणि साहेबांपुढे ठेवावे, यातच वीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्यामुळे माझ्या बोलण्याला थोडा अर्जाचा वास आला तर तो गोड मानून घ्यावा.

समितीने मला 'ग्रामजीवनात महिला मंडळांचे कार्य' हा विषय दिला तेव्हा मी म्हटले, हा विषय एखाद्या बाईलाच द्यावा. त्यावर मला सांगण्यात आले की आपल्या गावच्या बायका व्यासपीठावर बोलायला लाजतात. माझ्या घरचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. (हशा) तरीपण आज्ञा प्रमाण मानून मी उभा राहिलो आहे.

प्रथम आपल्याच मंडळाविषयी बोलतो. गावातील महिला भजनी मंडळाची स्थापना कधी झाली असे कोणाला विचारले तर फलकावर लिहिलेले साल सांगतील. परंतु माझी आई सांगते ते खरे धरले तर मंडळाची सुरुवात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर झाली. आई त्या वेळी नवी नवरी होती. गावातील झाडून साऱ्या बायका कामावर. कोणाचे मूल अंगावर पिणारे, कोणाचे रांगते. उन्हात दगडापाशी मूल ठेवायचे कसे? तेव्हा बायकांनी आपसांत पाळी लावली. रोज दोघींनी झाडाखाली मुले सांभाळायची आणि बाकीच्यांनी त्या दोघींच्या वाट्याची खडी फोडून त्यांचा ढीग पुरा करायचा. मुकादमाला ढीग पुरा दिसला की झाले. कामावर मिळणारी सुकडीसुद्धा मुलांत आधी वाटायची हा त्यांचाच नियम. ना अध्यक्ष, ना चिटणीस, ना ठराव. पण काम चोख.

पाऊस झाला, कामे थांबली, परंतु बायकांना एकत्र बसायची सवय लागली होती. बसायला निमित्त पाहिजे. घरातील माणसे विचारणार, कुठे निघालीस? त्या वेळी भजनाला जाते एवढे एकच उत्तर असे होते की ज्याला सासराही नाही म्हणू शकत नव्हता. म्हणून एकादशीला दुपारी देवळाच्या उत्तरेच्या ओवरीत बायका बसू लागल्या. टाळ पुरुषांच्या भजनातले जुने, फुटके. पेटी नव्हतीच. भजन तासभर होई आणि त्यानंतर तासभर दुसरे बोलणे होई. आमच्या गावचा खरा इतिहास त्या दुसऱ्या तासात घडला असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्या दुसऱ्या तासात भिशी सुरू झाली. महिन्याला दहा रुपये, पंधरा बायका, दीडशे रुपयांची भिशी. माझे वडील मी चौथीत असताना वारले. मी दहावीला होतो तेव्हा परीक्षेचा फॉर्म, वह्या आणि केंद्राच्या गावी आठ-दहा दिवस राहण्याचा खर्च असा प्रश्न आला. त्या महिन्याची चिठ्ठी निघाली ती दुसऱ्याच मावशींच्या नावाची. त्यांच्या घरी त्या वेळी काही सुकाळ नव्हता, घराचे पत्रे गेले होते. त्यांनी चिठ्ठी उलगडली, वाचता येत नव्हते म्हणून शेजारणीकडून वाचून घेतली आणि पैसे आईच्या पदरात टाकले. पत्र्यांचे पुढच्या खेपेला बघू म्हणाल्या. पुढची खेप यायला वर्ष लागले. ते वर्ष त्यांनी गळक्या छपराखाली काढले. आज माझ्या पगाराच्या पावतीवर माझे नाव येते, पण त्यात त्या मावशींचे पत्रे आहेत हे मला माहीत आहे. त्या आता हयात नाहीत. त्यांचे नाव कोठल्याच फलकावर नाही.

आता जरा गावाबाहेर पाहू. बायकांनी एकत्र बसण्याची प्रथा काही सरकारने शिकवलेली नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५२ साली पुण्यात महिला सेवा मंडळ काढले आणि संक्रांतीच्या तिळगुळाला सर्व जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसण्याचे आमंत्रण दिले. आपण आज हळदीकुंकवाला कोणाला बोलावतो आणि कोणाला वगळतो, हे मनात ठेवून त्या जाजमाचा विचार करावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेची मुले शिकवली हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. रयतच्या मुष्टिफंडासाठी गावोगावच्या बायकांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढले. या सातारा जिल्ह्याच्या आसपास असे घर सापडणे कठीण, ज्यातील एकतरी माणूस रयतच्या शाळेत शिकलेला नाही. म्हणजे त्या मुठीतले दाणे आपण सर्वांनी खाल्लेले आहेत.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास योजना आली. ग्रामसेविका आल्या, गावोगाव महिला मंडळे नोंदवली गेली, शिवणयंत्रे आली, बालवाड्या निघाल्या. यांतील काही मंडळे चांगली चालली. काही मात्र शिवणयंत्र मिळेपर्यंत चालली आणि यंत्र एखाद्या पुढाऱ्याच्या घरी गेले की बंद पडली. हे कटू आहे, परंतु मी दप्तर पाहणारा माणूस आहे, मला खोटे बोलता येत नाही. जे मंडळ अनुदानासाठी जन्मते ते अनुदानाबरोबर जाते. खडीवर जन्मलेले टिकते.

मुंबईचे देणगीदार येथे बसले आहेत, त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपले वडील, चुलते गिरणीत होते. खोलीत वीस-वीस माणसे, पाळीपाळीने झोपायची आणि जेवायला खानावळवाली. ती खानावळवाली कोण होती? आपल्याच सातारा, कोल्हापूर, कोकणाकडची एखादी बाई. नवरा गेलेला, टाकलेली, किंवा नवऱ्याचा पगार न पुरणारी. ती पहाटे उठून पंचवीस-तीस माणसांच्या भाकऱ्या थापी. गिरणी कामगार पैसे देणार महिन्याने, वाणी मात्र रोख मागणार. म्हणून ती सावकाराकडे जाई. व्याज भरता भरता डोरले मोडले जाई. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते, पण बँकेचा दरवाजा खानावळवालीला उघडा नव्हता. तारण काय ठेवणार, पोळपाट? तेव्हा बायकांनी एकमेकींची हमी घेतली आणि बँकेने त्या हमीवर कर्ज दिले. पुढे १९८२ चा संप झाला, कामगार गावाकडे परतले, खानावळींच्या पंक्ती रिकाम्या झाल्या. तशाही दिवसांत मंडळ टिकले. त्याच मुंबईत, गिरगावात, १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती. तो लिज्जत पापड आज आपल्या पंगतीत वाढला गेला.

इकडे आपल्या दुष्काळी पट्ट्यात माण तालुक्यातील म्हसवडची गोष्ट आहे. तेथील बायकांनी श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची सहकारी बँक काढण्याचे ठरवले. परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. निरक्षर बायका बँक कशी चालवणार? बायका गावी परतल्या, रडत बसल्या नाहीत, अक्षरे गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला लिहिता येत नव्हते, पण व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो, आमच्याशी पैज लावा, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मी हे ऐकले तेव्हा मला आमच्या ओवरीतील भिशीची आठवण झाली. आमच्या मावशीलाही चिठ्ठी वाचता येत नव्हती, पण कोणाचे किती आले आणि कोणाचे राहिले हे तिला वर्षभराचे पाठ असे.

सरकारनेही हे ओळखले. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, १९७५ साली, महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. २०११ पासून उमेद अभियान आले. आज आपल्या गावातही गट आहेत, त्यांचा ग्रामसंघ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी, ही पंचसूत्री आपल्या मुलींना तोंडपाठ आहे. चांगली गोष्ट आहे. पण दोन गोष्टींची मला धास्ती वाटते. पासबुक बाईच्या नावाचे आणि ते असते नवऱ्याच्या खिशात. हे मी स्वतः पाहिलेले आहे. दुसरे म्हणजे, आठवड्याला हप्ता नेणारे खाजगी फायनान्सवाले गावात फिरू लागले आहेत. एका हप्त्यासाठी दुसरे कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरे. दारात माणूस येऊन बसला की बाई शेजारणीकडे तोंड चुकवते. गट हा माणूस जोडण्यासाठी असतो. ज्या गटामुळे शेजारीण शेजारणीला चुकवू लागली तो गट नव्हे, ती सावकारीच, फक्त रजिस्टर नवे.

आता माझ्या कचेरीची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण देवळात उभा आहे.

काही वर्षांपूर्वी मी निराधार योजनेच्या टेबलावर होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. एका वाडीची एक विधवा बाई आली. तरुण होती, दोन मुले. कागद पाहिले तर मृत्यूचा दाखला होता, पण रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव एक आणि दाखल्यावर थोडे वेगळे. मी म्हटले, दुरुस्त करून आणा. ती पुढच्या आठवड्यात आली. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती. मी म्हटले, नवा काढून आणा. तिसऱ्या खेपेला मी जेवायला गेलो होतो, ती बसून होती, आणि मी आल्यावर म्हटले, आज साहेब नाहीत. प्रत्येक वेळी मी नियमानेच वागलो होतो, हे लक्षात घ्या. एकही शब्द नियमाबाहेर बोललो नव्हतो.

चौथ्या खेपेला टेम्पोतून तिच्याबरोबर तिच्या गटाच्या पाच-सहा बायका आल्या. कोणी आरडाओरडा केला नाही. त्यांतील एकजण म्हणाली, "भाऊ, काय काय कमी आहे ते एकदाच एका कागदावर लिहून द्या आणि खाली सही करा." बस्स, एवढेच. मी लिहायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आले की कमी असे फारसे काही नव्हतेच. एक प्रतिज्ञापत्र पुरे होते आणि ते मी पहिल्याच दिवशी सांगू शकलो असतो. एकटी बाई आली की कागद अपुरा पडतो, पाच जणी आल्या की तोच कागद पुरतो. तो दिवस माझ्या नोकरीतला मोठा शिक्षणाचा दिवस. ती जेव्हा तीन वेळा परत गेली तेव्हा तिची तीन दिवसांची मजुरी बुडाली होती आणि एस. टी. चे भाडे वेगळे. माझी आईही एके काळी अशीच कोणाच्या तरी टेबलापुढे उभी राहिली असेल, हे मला तोवर सुचले नव्हते.

तेव्हापासून मी माझ्या टेबलावर लागणाऱ्या कागदांची यादी लिहूनच ठेवली आहे. त्याचे श्रेय माझे नाही. २०२४ च्या जुलै-ऑगस्टात लाडक्या बहिणीच्या अर्जांची झुंबड उडाली होती तेव्हा गावोगावच्या गटांतील मुलींनी आळीआळीत बसून फॉर्म भरले. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, रेशनकार्डावर तिसरेच, असा सगळा गोंधळ त्यांनी निस्तरला. बाईचे नाव किती ठिकाणी किती प्रकारे लिहिले जाते हे त्या महिन्यात साऱ्या राज्याला कळले.

जमिनीचेही तेच. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आपल्या राज्याने १९९४ साली दिला, साऱ्या देशासाठी तो २००५ साली झाला. परंतु वारसनोंद झाली की पाठोपाठ बहिणींची हक्कसोडपत्रे होतात हे आपण सर्वजण जाणतो. बहीण भावाच्या प्रेमाने सोडते तर सोडो, तो तिचा अधिकार. पण कागदावर काय लिहिले आहे ते तिला वाचून तरी दाखवा, हा आग्रह मी पहिल्यांदा ऐकला तो एका मंडळाच्या बाईकडून. घरचा माणूस असे म्हणत नाही. मंडळाची बाई म्हणते.

दारूबंदीच्या नियमाची माहितीही मंडळांनी ठेवावी. गावातील परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होते, त्यात उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. परंतु यातली मेख अशी की नुसते झालेल्या मतांचे बहुमत चालत नाही, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई ऊसतोडीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी घाबरून घरात बसली, तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूने पडल्यासारखे होते. हे काम एका सभेने होत नाही. यादी हातात घेऊन घरोघर जाणारे मंडळच ते करू शकते. तसेच, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेतली पाहिजे असा कायदा आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा रजिस्टरातच होते. पंचायतीत निम्म्या जागा २०११ पासून महिलांच्या आहेत, तरी सभेत नवराच बोलतो आणि बाई सही करते. याबद्दल अधिक बोलत नाही, कारण काही मंडळी पुढच्याच रांगेत बसली आहेत. (हशा)

आता जे बोलण्यासाठी मी खरा उभा राहिलो ते बोलतो.

काल कळसाची मिरवणूक निघाली. फार देखणा सोहळा झाला. डोक्यावर कलश घेतलेल्या सुवासिनी, लेझीम, पखवाज. त्या वेळी मंडळाच्या काही जुन्या बायका मागे स्वयंपाकाच्या मांडवात तांदूळ निवडत होत्या. त्यांत माझी आई होती. खडीवर मुले सांभाळणाऱ्यांपैकी आज ज्या उरल्या आहेत त्या बहुतेक सर्वच तेथे होत्या, कारण त्यांचे कुंकू गेलेले आहे. त्यांना कोणी हाकलले नाही. बोलावलेही नाही. आई मला म्हणाली, "असू दे रे, तांदळात खडे फार होते." कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे वगैरे प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. ते परिपत्रक माझ्या टेबलावरून गेले. मी त्यावर आवक क्रमांक घातला आणि फाईलला लावले. गावात कोणापुढे वाचले नाही. हा दोष माझा.

दुसरी गोष्ट ओवरीची. महिला मंडळाने जीर्णोद्धाराला ५१,००० रुपये दिले. ही रक्कम कशी जमली हे देणगीदारांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बारशाला, पाचवीला, सप्ताहाला भजनाला बोलावले की जी दक्षिणा मिळे ती सहा वर्षे कोणी घरी नेली नाही. उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकले. सभामंडपाच्या फरशीवर तुम्ही आता बसला आहात त्यातील चांगला भाग त्या पैशांचा आहे. त्याखेरीज जोत्याचे काम चालू असताना गवंड्यांचा चहा आणि दुपारचे जेवण मंडळाने पाळीपाळीने दिले, त्याचा हिशेब कोठे लिहिलेलाच नाही.

आणि नवे देऊळ झाले तेव्हा उत्तरेची ओवरी गेली. तेथे आता समितीचे कार्यालय आणि भांड्यांची खोली आहे. त्याला लोखंडी शटर आहे, कुलूप आहे. भांडी सुरक्षित राहिली पाहिजेत यात शंका नाही. पण ज्या जागी पन्नास वर्षे एकादशीला बायका बसल्या ती जागा आता नाही. गेल्या चार महिन्यांत मंडळाची बैठक एकदा शाळेच्या व्हरांड्यात, एकदा कोणाच्या गोठ्यापुढे आणि दोनदा झालीच नाही. वह्यांची पत्र्याची पेटी या घरातून त्या घरात फिरते आहे. घरात बैठक घेतली तर त्या घरचा कर्ता माणूस बाजेवर बसून ऐकतो, मग दुसऱ्या तासाचे बोलणे होत नाही. ज्या सुनेला मार बसतो ती त्याच्या देखत काय सांगणार? देवळाची ओवरी ही एकच जागा अशी होती की जी कोणाच्याच घरची नव्हती.

यात समितीने मुद्दाम काही केले असे मी म्हणत नाही. आपल्या समितीत अकरा सभासद आहेत, अकराही पुरुष आहेत, सर्वांनी पदरचे खाऊन तीन वर्षे राबून हे देऊळ उभे केले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. नकाशा पास करताना ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही इतकेच. आणि ती लक्षात न येणाऱ्यांत पहिला मी आहे, कारण खोल्यांचा तपशील आणि खर्चाचा अंदाज मीच टाइप करून दिला होता. 'उत्तर बाजूची जुनी ओवरी पाडून' हे शब्द माझ्या हातचे आहेत. ते टाइप करून मी घरी आलो आणि आईने वाढलेले जेवलो. तिने त्या ओवरीतल्या भिशीवर मला शिकवले होते, पण मला त्या ओळीत काही खटकले नाही. जेव्हा भिंत पाडली त्या दिवशी आई तेथे जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. एक जुना टाळ कोनाड्यात राहिला होता, तेवढा घेऊन आली.

म्हणून समितीपुढे, सर्वांच्या साक्षीने, माझे तीन अर्ज आहेत. तोंडी आहेत, पण ते आवक करून घ्यावेत.

एक, कार्यालयाच्या खोलीच्या शटरची एक किल्ली महिला मंडळाकडे द्यावी, आणि दर एकादशीला दुपारी व महिन्याच्या बैठकीच्या दिवशी ती खोली मंडळाची समजावी. त्या वेळी तेथे पुरुष माणसाने बसू नये, कार्यालयाचे काम असले तरी. वह्यांची पेटी ठेवायला कोपऱ्यात एक फडताळ करावे. त्याचा खर्च मी माझ्या पगारातून देईन, ती देणगी म्हणून फलकावर घालू नये.

दुसरे, देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर 'महिला भजनी मंडळ, ५१,००० रुपये' असे एका ओळीत लिहिले आहे. मंडळ हे कोणाचे नाव नव्हे. ५,००० रुपये देणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे स्वतःचे नाव आहे, ते योग्यच आहे. तसेच या बायकांचीही नावे असावीत. ती 'अमक्याच्या सौभाग्यवती' अशी नसावीत, त्यांची स्वतःची असावीत. गेलेल्यांचीही असावीत. ज्यांचे घर गळत होते त्या मावशींचे नाव मी लिहून आणले आहे, ते अध्यक्षांच्या हाती देतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावात आईचे नाव शासनाने घालायला लावले आहे. आपल्या फलकाला तेवढे तरी करता यावे. कारागिराकडे चौकशी केली, खाली जागा आहे, सत्तावीस नावे बसतात.

तिसरे, आज सायंकाळी महाप्रसादाआधीची आरती आहे. आरतीचे ताट पहिल्यांदा मांडवातल्या त्या म्हाताऱ्या बायकांच्या हाती द्यावे. यासाठी ठराव लागत नाही. कोणी विचारले तर मी सांगितले म्हणून सांगावे.

समितीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला सकाळी विचारले होते की तू विषयाला धरून बोलशील ना? आबा, मी विषयाला धरूनच बोललो असे मला वाटते. काही अधिक-उणे झाले असल्यास लहान समजून क्षमा करावी. पुढची एकादशी अकरा दिवसांवर आहे. तोवर किल्ली तयार करून घेता येईल, तालुक्याला किल्ल्या करणारा मनुष्य स्टँडच्या मागे बसतो, मी सोमवारी कचेरीला जाताना घेऊन जाईन.